काचेला हात लावू नये

ता. २ फेब्रुवारी

चि. ठमीस आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. जानेवारीचा तक्ता सोबत आहे. एकतीसपैकी सव्वीस दिवस आभाळ मोकळं होतं, म्हणून सव्वीस आकडे. बाकीचे पाच रकाने कोरे आहेत ते मी पेंगले म्हणून नव्हे, ढग होते म्हणून. मागच्या वेळी तुमच्या हापिसातल्या कुणा शहाण्यानं कोऱ्या रकान्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून तक्ता परत पाठवला होता. त्याला म्हणावं, ढग मला विचारून येत नाहीत.

तू फोन करत जा म्हणतेस. मी करणार नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागं भांडी आपटल्याचा आवाज येतो. तक्ता तर पोस्टानं पाठवायचाच असतो, त्याच पाकिटात हा कागद जातो. कागद निदान दुसऱ्यांदा वाचता येतो.

बारक्या कसा आहे? चालतो का, की अजून भिंत धरूनच? झटका आला आणि त्याला टेकडीवरून खाली तुझ्याकडं नेलं त्याला ऑक्टोबरात तीन वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ असला तरी तुझा बाप आहे, तेव्हा त्याला अंगावर नीट कपडा घालत जा. इथं असताना त्याच्या एकाही बनियनला खालची कड शिल्लक नसायची. कुठं जायची कोण जाणे. मी बोलून बोलून थकले. तो हसायचा.

माझं बरं आहे. गुडघे आहेत तिथंच आहेत. गच्चीची शिडी मी आता चढत नाही, चढायचं कामही नसतं.

एक विचारायचं होतं. गच्चीवर काचेची टोपी घातलेली काळी तबकडी, तिची तार खाली माझ्या खोलीत, तारेच्या टोकाला डबा, डब्यात काटा. ऊन जास्त तर काटा वर, कमी तर खाली. चौथी शिकलेल्या बाईला कळावं इतकं सोपं आहे. पण सव्वीस वर्षं मी रोज बाराच्या ठोक्याला आकडा लिहिते, त्याचं पुढं होतं काय? आता माझीच भाची त्या हापिसात चिकटली आहे, तर सांग. थोडक्यात सांग. फाटे फोडू नकोस.

लोभ आहेच. वाढवायला सांगत नाही, आहे तेवढा टिकव.

तुझी आत्या


ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. बाबांचाही, डाव्या हातानं.

वि. वि. प्रश्नचिन्ह काढणारी शहाणी मीच होते. चूक झाली. पुन्हा पेन्सिल उचलणार नाही.

तू थोडक्यात विचारलंस, थोडक्यात सांगते. सूर्य आपलं ऊन पाठवतो. मधे हवा असते, ती त्यातला वाटा ठेवून घेते. हिवाळ्यात हवा कोरडी आणि स्वच्छ, म्हणून वाटा लहान. उन्हाळा चढेल तशी हवेत वाफ वाढते, धूळ वाढते, आणि ऊन हवेतच मुरतं. पावसाच्या दिवसांत धूळ धुऊन जाते पण वाफ राहते, म्हणून वाटा मधला. सूर्य कमीजास्त वर चढतो त्याचा फरक मी गणितानं काढून टाकते. उरतो तो हवेचा वाटा. तुझ्या आकड्यांचं पुढं हे होतं.

आता खरी गोष्ट. तुझ्या टेकडीवरची हवा हिवाळ्यात शंभरातले वीस ठेवून घ्यायची आणि ऐन उन्हाळ्यात अठ्ठावीस. तेवीस वर्षं हाच धारा, जणू घड्याळ. गेल्या तीन उन्हाळ्यांत मात्र अठ्ठावीसचे छत्तीस झालेत. पाऊस संपला की फरक सुरू होतो, महिन्यामागून महिना वाढत जातो, मेमध्ये सगळ्यात मोठा होतो, आणि पाऊस लागला की नाहीसा. हवाच बदलली आहे असं दिसतं. साहेब इतके खूश आहेत की त्यांनी मला बसायला सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

अठरा जूनला मोठी बैठक आहे. तिथं माझा अहवाल ठेवायचा ठरलंय. तो मान्य झाला तर मी कायम होईन. नाहीतर जूनअखेर माझी मुदत संपते, आणि मुदतीबरोबर हापिसाची ही तळमजल्यावरची खोलीही. बाबांना जिना चढता येत नाही. दुसरी तळमजल्याची खोली मी शोधून दमले आहे, ते तुला वेगळं सांगत नाही.

म्हणून नीट आठवून सांग. तीन वर्षांपूर्वी तिथं काही बदललं का? यंत्र हललं का, वेळ बदलली का, आसपास काही उभं राहिलं का?

बाबा आता काठीवर चालतात. बोलणं नाहीच, नुसता घशातला आवाज. आणि एक नवीन खूळ निघालंय. रोज उजाडलं की स्टूल ओढतात, त्यावर चढतात आणि दिव्याची काचेची गोल टोपी पुसत बसतात. चढतात कसे ते त्यांनाच ठाऊक. मी झोपेतून धावते. आत्या, मी फार झोपत नाही आजकाल.

तुझी माया आहे ती अशीच असू दे.

ठमी


ता. ३ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

वि. वि. फेब्रुवारीचा तक्ता सोबत. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. आता काढ प्रश्नचिन्ह.

तुझं पत्र वाचून मला राग आला, मग चहा केला, मग लिहायला बसले. इथं काहीही बदललेलं नाही. बाराच्या ठोक्याला काटा, काट्याचा आकडा, आकड्यापुढं सही. ताप असताना लिहिलाय, दाढ दुखत असताना लिहिलाय, तुझी आजी गेली त्या दिवशीही लिहिलाय. तपासायचं तर येऊन तपास.

यंत्र बसवायला आलेला जोडारी अजून डोळ्यापुढं आहे. किडकिडीत, घाईतला, बोलताना तोंडात खिळे. जाताना मला उंबऱ्यात उभं करून बजावून गेला, की बाई, काचेला हात लावू नये. मी ते तिथल्या तिथं कागदावर लिहून घेतलं आणि डब्याच्या वर भिंतीला चिकटवलं. अजून आहे. सव्वीस वर्षांत मी त्या काचेला बोट लावलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू दिलेलं नाही. बारक्यालाही पहिल्याच दिवशी दम भरला होता, की तिथं कुठं धडपडलास तर तंगडं मोडीन. तो त्या दिवशी जोडाऱ्याची शिडी धरून उभा होता. काम झाल्यावर दोघं तासभर वर विड्या फुंकत बसले आणि मी खाली चहा गार करत होते. तेव्हापासून या गड्याला गच्चीची जी गोडी लागली ती लागलीच. रोज सकाळी मी पाणी भरायला गेले की हा वर. परत यावं तर उतरत असायचा, हात झटकत. काय करतोस विचारलं की म्हणायचा, काही नाही. तेवढं मात्र मन लावून करायचा.

तीन वर्षांपूर्वी बदललं म्हणशील तर एवढंच, की बारक्या इथून गेला. माणूस गेल्यानं हवा जाड होत नाही.

हां, नदीपलीकडं खडी फोडायचं यंत्र लागलंय. चार वर्षं झाली असतील, कदाचित तीन. वारा इकडचा असला की दारावर पांढरं बसतं. त्याचा काही उपयोग असला तर घे.

स्टूल लपव. त्यात विचार कसला करायचा?

कळावं. कळण्यासारखंच लिहिलंय.

तुझी आत्या


ता. २४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

वि. वि. आत्या, खडीचं यंत्र! हे तू आधी का नाही सांगितलंस? मी चौकशी केली. साडेतीन वर्षांपूर्वी सुरू झालंय. सगळं जागच्या जागी बसलं. खडीची धूळ कोरड्या दिवसांत हवेत चढत जाते, उन्हाचा वाटा गिळते, आणि पावसात खाली बसते. अहवाल लिहून झाला, एकोणीस पानं. साहेबांनी वाचला आणि दोनदा मान हलवली. एक मान झोपेची असेल असं धरलं तरी एक उरते.

स्टूल लपवलं. तर बाबांनी दुसरा उद्योग काढला. मी चष्मा टेबलावर ठेवला की तो उचलतात, काचेवर हाऽ करून श्वास सोडतात, आणि पुसतात. आधी वरून, मग गोल गोल खाली, मग कडेनं एक फेरा. मग उजेडाकडं धरून बघतात आणि मला परत देतात. माझा चष्मा जन्मात इतका स्वच्छ नव्हता. परवा मी नवीन बनियन आणला, तर दुसऱ्या दिवशी त्याची खालची कड कात्रीनं कापलेली. मी खूप ओरडले. ते माझ्याकडं बघत राहिले आणि तो तुकडा चारपदरी घडी करून उशीखाली ठेवला. मग मीच रडले. कामाला उशीर झाला तो वेगळाच.

शेजारच्या खोलीत एक नर्सबाई राहतात. त्या म्हणाल्या, की अशा आजारात बोलणं जातं, पण जन्मभर जे रोज केलं ते हात विसरत नाहीत. त्यांनी विचारलं, की वडील काय करायचे. आणि आत्या, मला सांगता येईना. मी सातवीपासून शिकायला बाहेर होते. सुट्टीत यायचे तेव्हा तू काम करताना दिसायचीस आणि बाबा तुझी बोलणी खाताना दिसायचे. बाबांनी आयुष्यात नेमकं केलं काय?

थट्टा नाही, खरंच सांग. माया कमी करू नकोस.

ठमी


ता. ७ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

वि. वि. मार्चचा तक्ता सोबत. उशीर झाला, पोस्टमन आजारी होता.

तुझ्या बापानं काय केलं ते विचारलंस. लिहायला बसले आणि मलाही थांबावं लागलं. मी भरून ठेवलेले पाण्याचे हंडे मागाहून वर आणून द्यायचा. दार लागत नव्हतं ते तासून दिलं. तुझी आई गेल्यावर तुला दोन वर्षं त्यानं एकट्यानं वाढवलं आणि मग माझ्याकडं घेऊन आला. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, कुठं टिकला नाही. टिकला तो गच्चीवर. यापलीकडं मला माहीत नाही, आणि मी त्याच्याबरोबर एका छपराखाली बावीस-तेवीस वर्षं काढली. थकल्यासारखं होतं असलं काही लिहिताना.

बनियनची कड तिथंही कापतो म्हणतेस. इथंही तेच. मला वाटायचं उंदीर.

दुसरी गोष्ट, तुझ्या कामाची. दोन तारखेला अवेळी सर आली. एक तारखेला काटा बासष्टवर होता, तीन तारखेला एकदम सत्तर. तू म्हणशील, पावसानं हवा धुतली. मलाही तसंच वाटलं. पण चार तारखेपासून असा वारा सुटला, की समोरचा डोंगर धुळीत दिसेनासा झाला. माझ्या दातात कचकच येत होती. आज चौथा दिवस आहे, डोंगर अजून दिसत नाही. पण काटा एकोणसत्तरवर. धूळ हवेत मुरून काटा पाडत असेल तर आता पडायला हवा होता. नुसता एका आकड्यानं काय पडतो?

मला यातलं कळत नाही. पण डोळे आहेत. तू शिकलेली आहेस, तू सांग.

बापावर ओरडू नकोस. ते काम माझं होतं, मी पुरेसं करून ठेवलंय.

तुझी आत्या


ता. २२ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

वि. वि. चार ओळीच लिहिते, बसवत नाही. तुझ्या सरीचं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, की एका आठवड्याच्या आकड्यावर कुणी अहवाल बदलत नाही, आणि छापायला गेलेला तर मुळीच नाही. मीही मान हलवली. मला बदलायचा नाहीये, आत्या. खोटं कशाला बोलू? मला ही खोली हवी आहे.

बाबा पडले. दाराबाहेरच्या दिव्याची काच पुसायला उंबऱ्यावरून कठड्यावर चढत होते. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी आहे. नर्सबाई होत्या म्हणून, नाहीतर मी हापिसात. बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका संस्थेचा पत्ता मी घेऊन ठेवलाय. घेतलाय फक्त. तू रागावशील म्हणून आधीच सांगते.

आणखी एक झालं. तुझं पाकीट फोडून मी मार्चचा तक्ता टेबलावर पसरला होता. बाबा आले, वाकले, आणि आकड्यांवर बोट ठेवून खाली खाली नेत गेले. आकडे त्यांना येतात हे मी विसरलेच होते. मग मान हलवायला लागले, नाही नाही अशी. घशातून आवाज काढत होते. आणि तक्त्यावर वाकून हाऽ केलं आणि बाहीनं कागद पुसायला लागले. शाई फरफटली. मी तक्ता ओढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. लाळ गळत होती म्हणून पुसत असतील असं मी मनाला समजावलं.

मला काही समजत नाही आणि समजून घ्यायला त्राण नाही.

सांभाळून घे.

ठमी


ता. ३ मे

चि. ठमीस आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र नीट बसून वाच. एप्रिलचा तक्ता सोबत आहे, पण त्याची घाई नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी शिडी काढली. तीन वर्षांनी वर गेले. अकरा पायऱ्या, प्रत्येकीला गुडघ्यानं मला शिव्या दिल्या. वर कठड्याच्या कोपऱ्यात एक मडकं पालथं घातलेलं होतं. कधी काळी पाण्याचं असेल म्हणून मी त्याकडं पाहिलंही नसतं. उचललं. खाली पत्र्याचा डबा, डब्यात बनियनच्या कडा. धुतलेल्या, चारपदरी घडीच्या. मी मोजल्या नाहीत. पुष्कळ होत्या.

मग काचेकडं पाहिलं. काच कसली, पिठाच्या गिरणीतला दिवा झाला होता.

कशाला फिरवून लिहू? जोडाऱ्यानं मला सांगितलं, काचेला हात लावू नये. आणि वर बारक्याला सांगितलं असणार, की रोज सकाळी मऊ कापडानं पूस. शिडी बारक्यानं धरली होती ना, म्हणून त्याला सांगितलं. दोघांना निम्मं निम्मं सांगून माणूस गेला. मी माझं निम्मं भिंतीला चिकटवलं. त्यानं त्याचं निम्मं माझ्यापासून लपवलं, कारण मी तंगडं मोडणार होते. तेवीस वर्षं मी पाणी भरायला गेले की तो काच पुसायचा, आणि मी परत आले की काही नाही म्हणायचा.

माझं म्हणणं चालत नाही हे मला माहीत आहे, म्हणून करून पाहिलं. काल बाराला काटा पासष्ट. वर गेले, हाऽ केलं, त्याच्याच कापडानं पुसली, खाली आले. बारा वाजून वीस मिनिटं, काटा एकाहत्तर. आभाळ तेच, हवा तीच. तुझ्या हवेनं ऊन गिळलं नाही ठमे, ते माझ्या काचेवर बसलं होतं. पावसाची सर आली, काच धुतली गेली, काटा उठला. पाऊस संपला, की पुन्हा बसायला लागतं. तुझा तीन वर्षांचा फरक म्हणजे तुझा बाप इथं नसणं.

आता पुढचं. अठरा जून मला पाठ आहे. खोलीचंही कळतं. हे पत्र मी पाठवलं नसतं तर तू कायम झाली असतीस, आणि दोघं नीट राहिला असता. मी न पाठवण्याचा विचार केला. सकाळपासून दोनदा पाकीट तक्त्याच्या वहीत घालून ठेवलं. मग वाटलं, मी सव्वीस वर्षं काटा दिसला तोच आकडा लिहिला. आता एक आवडीचा आकडा लिहिला तर आधीच्यांचं काय करायचं?

तू काय करायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही.

त्या संस्थेचा पत्ता फाडून टाक. आणि त्याला स्टूल दे. धरून उभी राहा, पण दे.

तुझी आत्या


ता. २३ जून

ती. आत्यास शि. सा. न.

वि. वि. तू विचारणार नाहीस म्हणालीस, म्हणून मीच सांगते.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं, मडक्यापासून. ते भिंतीला टेकून ऐकत होते. जोडाऱ्याचं आलं तेव्हा त्यांनी डावा हात उचलून हवेत शिडी धरल्यासारखी मूठ केली. पत्र संपल्यावर ते झोपले, दुपारपर्यंत. तीन वर्षांत दिवसा कधी असे झोपले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी दिव्याला हात लावला नाही. स्टूल समोर ठेवलं तरी नाही. सांगायचं होतं ते पोचलं असणार.

साहेब म्हणाले, की एका म्हाताऱ्या बाईच्या वीस मिनिटांसाठी एकोणीस पानं फुकट घालवू नकोस, बैठक होऊ दे, दुरुस्ती पुढच्या वर्षी टाकू. मी दोन दिवस त्यांचं ऐकायचं ठरवून हिंडले. खरं तेच सांगते. अठरा तारखेला माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि म्हणाले, की हा अहवाल चुकीचा आहे, ही धूळ हवेतली नाही, काचेवरची आहे. मग सगळं सांगितलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, की त्याआधीची तेवीस वर्षं काच कोण पुसत होतं. मी म्हटलं, माझे वडील. ते नोकरीत होते का? मी म्हटलं, नाही. रोज पुसायचे? मी म्हटलं, रोज. त्यांनी चष्मा काढला आणि साहेबांना म्हणाले, की आपल्या चौदा ठिकाणांपैकी रोज पुसलेली काच याच एका टेकडीवर दिसते. हवा कुठल्या ऋतूत किती ऊन ठेवून घेते हे खात्रीनं सांगायचं तर हीच तेवीस वर्षं धरावी लागतील, बाकीच्यांचं काय ते तपासा. हिवाळ्याचे वीस आणि उन्हाळ्याचे अठ्ठावीस, आत्या. ते बाबांचे आहेत.

मी कायम झाले नाही. मुदत एक वर्ष वाढली आणि खोलीही वर्षभर राहील. काम हे, की उरलेल्या तेरा ठिकाणी जाऊन काचा बघायच्या आणि कुठल्या वर्षी किती धूळ होती ते खणून काढायचं. महिन्यातले वीस दिवस फिरती. साहेब दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मऊ फडक्यांच्या गठ्ठ्यावर सही केली.

फिरतीवर असताना बाबांना कुठं ठेवू हा प्रश्न आहे. तुझे गुडघे मला माहीत आहेत. तरी विचारते.

ठमी


ता. १ जुलै

चि. ठमीस आशीर्वाद.

वि. वि. विचारतेस काय, घेऊन ये. पावसात टेकडीचा रस्ता निसरडा असतो, त्याला खुर्चीत बसवून दोन माणसांकडून वर आण. येताना बनियन जास्त आण.

आत्या


ता. ४ ऑक्टोबर

चि. ठमीस आशीर्वाद, तिच्या बापाचेही.

वि. वि. सप्टेंबरचा तक्ता सोबत. ढगांचे दिवस बरेच, आकडे थोडे. पाऊस आता गेल्यातच जमा आहे, म्हणजे धुळीचं सुरू होईल. यंदा होऊ दे.

तू सातव्या ठिकाणी पोचलीस आणि तिथली काच बघून मटकन बसलीस असं लिहिलंस. बसत जा. पण जेवत जा.

शिडी काढून सुताराकडून रुंद पायऱ्या करून घेतल्या, दोन्ही बाजूंना धरायला. सुतार विचारत होता, की बाई, या वयात गच्चीवर काय करणार. मी म्हटलं, काही नाही. बारक्या मागं उभा होता, त्याला इतकं हसू आलं की काठी सुटली.

पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर वर गेले. काठी कठड्याला लावून त्यानं काचेवर हाऽ केलं, माझ्याकडं बघितलं, आणि थांबला. सव्वीस वर्षांनी माझ्यादेखत पुसायची वेळ आली, तर गड्याचा हात पुढं होईना. मी खाली निघून आले. पायऱ्या उतरताना म्हणाले, की मी पाणी भरायला चालले. भिंतीवरचा तो कागदही काढला. निघत नव्हता, खरवडावा लागला.

आता रोज उजाडल्यावर तो वर जातो आणि मी डब्यासमोर बसते. सकाळी काट्याकडं बघायचं मला कधी काम पडलं नव्हतं, माझी वेळ बाराची. कोवळ्या उन्हात काटा पंधरा-वीसवर असतो. त्याचा हात काचेवर आला की खाली पडतो, हात बाजूला झाला की उठतो. वरून, मग गोल गोल, मग कडेनं एक फेरा. मला खाली बसून सगळं दिसतं. पाय घसरला नाही, चक्कर आली नाही, काम चाललंय, एवढं तो काट्यानं सांगतो. इतकं सविस्तर तो बोलता येत होतं तेव्हाही सांगत नसे.

आज सकाळी काटा पडला आणि बराच वेळ उठला नाही. मी पायरीपर्यंत गेले होते. मग उठला. परत पडला, परत उठला, असा पाच-सहा वेळा, भराभर. काचेत पुसायला एवढं काही नव्हतं. तो मला चिडवत होता.

चहा ठेवते. उतरेल आता.

तुझी आत्या